रहस्यकथेचं वेळापत्रक

(मंडळाच्या साहित्यसंध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रहस्यकथा कशी लिहावी यावर रेल्वेच्या इंजिनिअरनं बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण या क्षेत्रातले एक नामवंत लेखक आमच्याच खात्यातले होते. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स. जन्म १८७९ चा, डब्लिनचा. आयर्लंडमधल्या एका रेल्वेत त्यांचे मामा चीफ इंजिनिअर होते. सतराव्या वर्षी क्रॉफ्ट्स त्यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले आणि काम करता करता शिकले. पुढं १९१९ मध्ये मोठं आजारपण आलं. वेळ जावा म्हणून त्यांनी लिहायला घेतलं, आणि १९२० मध्ये 'द कास्क' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९२९ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले.

त्यांच्या कथांमधला तपास कसा चालतो? गाड्यांच्या वेळा, बोटींच्या वेळा, कोण कुठं किती वाजता होता, हे एकेक तपासत. म्हणजे आपलं रोजचंच काम! म्हणून नवशिक्यानं पहिली गोष्ट करावी ती ही : लिहिण्याआधी वेळापत्रक आखावं. कागदाचे दोन रकाने करावेत. एकात खरोखर काय घडलं ते, दुसऱ्यात लोकांना काय दिसलं ते. कथा दुसऱ्या रकान्यातून सांगायची, पण पहिला रकाना आधी पूर्ण हवा. शेवट माहीत नसताना रहस्यकथा सुरू करणं म्हणजे सर्वेक्षण न करता रूळ टाकणं.

दुसरी गोष्ट, वाचकाशी सचोटी. इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांनी १९३० मध्ये 'डिटेक्शन क्लब' काढला, क्रॉफ्ट्स त्याचे सभासद होते. महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, अशी शपथ तिथं घेतली जाई. धागा समोर ठेवायचा, पण त्याकडं लक्ष जाऊ द्यायचं नाही, यात खरं कौशल्य.

एक उदाहरण रचून सांगतो. संशयित म्हणतो, "मी सकाळच्या पॅसेंजरनं आलो. पुलावर गाडी नेहमीसारखी हळू झाली." पण पुलावरची वेगमर्यादा आदल्या संध्याकाळीच उठवलेली आहे, गाडी तिथून पूर्ण वेगानं गेली. म्हणजे हा गृहस्थ त्या गाडीत नव्हता. आता हे शेवटच्या पानावर एकदम सांगितलं तर वाचकाची फसवणूक होईल. म्हणून पाच पानं आधी एक ट्रॅकमन कॉशनचे बोर्ड काढून खांद्यावर घेऊन येताना दाखवावा. बोलणं मात्र त्याच्या मुलीच्या लग्नाचं चालू ठेवावं. वाचक लग्नात गुंततो, बोर्ड विसरतो. शेवटी आठवला की कपाळावर हात मारतो, पण लेखकावर चिडत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वरच्या उदाहरणातला माणूस खोटं बोलला हे सिद्ध झालं, खुनी आहे हे नाही. कदाचित तो रात्रभर सावकाराच्या दारात बसला असेल आणि घरी ते सांगायची लाज वाटत असेल. 'द कास्क'मध्ये लंडनच्या गोदीत एका पिंपात मृतदेह सापडतो. पोलीस कसून चौकशी करतात आणि भक्कम पुराव्यावर एकाला अटक करतात. मग त्याच्या बाजूनं नेमलेला गुप्तहेर तेच जबाब, त्याच वेळा नव्यानं तपासतो, आणि सगळं चित्र पालटतं. पहिला तपास आळशीपणाचा नव्हता, तरीही एक निरपराध माणूस फासाच्या वाटेवर होता.

आपल्यातल्या रेल्वेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी रुळावरून घसरली की चाक कुठं चढलं, कुठं पडलं, हे पाहून दर ३ मीटरला मापं घेतात. मापं हातात येण्याआधीच बाहेर कुणाचं तरी नाव घेतलं जातं, आणि बहुधा ते सगळ्यात खालच्या माणसाचं असतं. त्याची नोकरी, त्याचं घर त्या एका निष्कर्षावर टांगलेलं असतं.

म्हणून लिहा मित्रहो, जरूर लिहा. पुढच्या स्मरणिकेत आपल्यापैकी कुणाची तरी रहस्यकथा वाचायला मिळो. खुनी शोधण्याची चुरस त्यात असावीच, पण ज्याच्यावर नाहक संशय आला तो माणूस शेवटच्या पानावर ताठ मानेनं घरी जावा. वाचकाला खरं समाधान तिथं मिळतं.

गणपती बाप्पा मोरया!