कुलूप पेटीवर, किल्ली आपल्याकडे

चाकण-महाळुंगे पट्ट्यातल्या कामगारांना डबे पुरवणारा आमचा बचत गट. स्वयंपाकघराला लागून खोली आहे, तिथे संगणक, दोन कॅमेरे आणि भिंतीवर इंटरनेटची पेटी, म्हणजे राऊटर. पेटी बसवणारा भाऊ पिंपरीत बसूनच तिच्यात लॉगिन करायचा. येण्याजाण्याचा खर्च वाचतो म्हणून आम्ही खूश.

एका सोमवारी पहाटे ऑर्डरची यादीच उघडेना. पेटीचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता. त्या दिवशी डबे अंदाजाने भरले आणि अकरा परत आले.

आमच्यातल्या एकीची लेक भोसरीत नेटवर्कचं काम करते. तिने बसवणाऱ्याला फोन लावला, तेव्हा कळलं की कारखान्यातून आलेलं नाव आणि पासवर्ड तसेच होते, शिवाय लॉगिन टेलनेटवरून चालायचं. टेलनेट म्हणजे उघडं पोस्टकार्ड. वाटेत ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्ड वाचता येतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राऊटर असेच ताब्यात घेतले. त्याच्याकडे साठेक ठरावीक नाव-पासवर्डांची यादी होती, एवढंच!

यावर उपाय एसएसएच. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये ही पद्धत तयार केली. यात बोलणं बंद पाकिटातून जातं. शिवाय पासवर्डाऐवजी कुलूप-किल्लीची जोडी वापरता येते. कुलूप पेटीवर बसवायचं, किल्ली ज्याची त्याच्या संगणकात. किल्ली कधी कुणाला पाठवायची नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. तिलाही वेगळा परवलीचा शब्द लावायचा.

लेकीने आधी पेटी मूळपदावर आणली, नवं सॉफ्टवेअर भरलं, नाव-पासवर्ड बदलले. मग पेटीची स्वतःची किल्ली बनवली, २०४८ बिटांची, आणि एसएसएचची दुसरी आवृत्ती चालू केली. टेलनेट मात्र लगेच बंद केलं नाही. दुसऱ्या खिडकीतून एसएसएचने आत जाता येतं का ते पाहिलं, मगच जुना दरवाजा लावला. घाई केली असती तर स्वतःच बाहेर अडकली असती! पहिल्यांदा जोडताना पेटी आपल्या किल्लीचा ठसा दाखवते, अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. ती आम्ही वहीत उतरवून ठेवली. पुढे कधी संगणक म्हणाला की ठसा बदललाय, तर डोळे झाकून ‘हो’ दाबायचं नाही, आधी विचारायचं.

बाहेरून लॉगिन आता फक्त ठरलेल्या पत्त्यावरूनच होतं. काही घरगुती पेट्यांत एसएसएच नसतं. तिथे बाहेरून लॉगिनची सोयच बंद ठेवा. माणूस येईल, दोनशे रुपये जातील, जाऊ द्या.

बसवणारा भाऊ आधी कुरकुरला. म्हणाला, एवढ्याशा स्वयंपाकघराला कशाला हे? आम्ही त्याला परत आलेले अकरा डबे सांगितले. पुढे त्याने ते काम सोडलं, तेव्हा त्याचं कुलूप आम्ही त्याच दिवशी पेटीवरून काढलं. त्याच्या जागी आता एक मुलगी येते. तिचं कुलूप गुरुवारी बसवायचं आहे.