घाटातल्या पावसावर चाललेल्या गिरण्या

स्वच्छ ऊर्जा म्हटलं की जपानचं नाव हमखास निघतं. क्योतोत १८९१ साली केआगेचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि १८९५ पासून तिथे विजेची ट्राम धावू लागली, हे खरंच. पण मुंबईतलं आपलं गिरणगाव, परळ-लालबागही फार मागे नव्हतं बरं का!

जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या पश्चात १९१५ मध्ये साकारली. लोणावळा, वळवण आणि शिरवता तलावांत पावसाचं पाणी साठवायचं, मोठ्या नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचं, त्या जोरावर जनित्रं फिरवायची आणि वीज तारांवरून थेट मुंबईत आणायची. मुख्य गिऱ्हाईक कोण, तर कापडगिरण्या. कोळशावरची वाफेची इंजिनं हळूहळू मागे पडली आणि साचे विजेवर खडखडू लागले.

धूर वाचला, पण किंमत मोजली ती मुळशीच्या शेतकऱ्यांनी. टाटांच्याच तिथल्या धरणात गावं जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. गिरणगावाच्या इतिहासात हे पान क्वचितच वाचलं जातं.

गिरण्या गेल्या, टॉवर आले. खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथली टाटांची जलविद्युत केंद्रं मात्र आजही मुंबईला वीज पुरवतात.