तीन बोटांची परीक्षा

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला यात्रा भरते. महादेव आणि दर्गा, दोन्हीकडे रीघ लागते. एकदा प्रसाद खाताना एका तरुण मित्राचे तोंडच उघडेना. मला वाटले, जबड्याचा सांधा धरला. दंतवैद्य म्हणाले, दोष सांध्याचा नाही, खर्र्याचा. सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठरते, तिखट झोंबते, पुढे कर्करोगाचाही धोका असतो. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली. खर्रा मात्र घोटला जातोच. आज आपली तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये घालून पाहा. मावली नाहीत, तर खर्रा सोडा, दंतवैद्याला गाठा. नवस बोलायला, दुवा मागायला तोंड उघडायला तरी हवे!