पाणंद, कालव्याचा काठ आणि सायकलवरचा पाहुणा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापूस, तूर आणि सोयाबीन यांविषयी बरेच ऐकले. माझ्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतील काही मंडळी हसली, ते मी पाहिले. सायकलवरून हिंडणारे हौशी लोक आणि बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी यांचा संबंध काय, असे त्यांना वाटले असेल. संबंध आहे, आणि तो आपल्या पाणंदीचा आहे. म्हणून आज सायकलीच्या निमित्ताने मी आपणांशी पाणंदीविषयीच बोलणार आहे.

युरोपात बोडन नावाचे एक मोठे सरोवर आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड हे तीन देश त्याच्या काठाला लागतात. त्याभोवती सुमारे २६० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे आणि दरवर्षी दूरदूरचे लोक तो फिरायला येतात. हा मार्ग काही सगळाच सायकलींसाठी नव्याने बांधलेला नाही. त्याचे कित्येक तुकडे सफरचंदाच्या आणि द्राक्षाच्या बागांमधून जाणारे शेतरस्तेच आहेत. तिकडे अशा रस्त्याच्या तोंडाशी पाटी असते: मोटारींना बंदी, शेतीच्या वाहनांना मोकळीक. सायकलवाला त्या वाटेने जाऊ शकतो, मात्र समोरून ट्रॅक्टर आला की बाजूला होतो. बागेच्या कडेला शेतकरी फळांच्या टोपल्या मांडतो, शेजारी पैशाची पेटी ठेवतो आणि आपल्या कामाला निघून जातो. जाणारा फळे घेतो आणि पेटीत पैसे टाकतो. आपल्याकडे पेटी सकाळपर्यंत राहील का, असे आपण म्हणाल. तो भाग सोडा. शेतरस्ता आधी शेतकऱ्याचा आणि मग पाहुण्याचा, एवढेच त्यातून घेण्यासारखे आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. मांजरा, सिंदफणा आणि बिंदुसरा या तिन्ही नद्या पाटोद्याकडील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावतात. डोंगराच्या पायथ्याशी आणि नद्यांवर अडवलेल्या पाण्याच्या काठाने आपली गावे वसली आहेत. बीडजवळ पालीचा बिंदुसरा तलाव आहे, केज तालुक्यात धनेगावचे मांजरा धरण आहे, सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. पाटोद्याला विंचरणा नदीवरचा सौताड्याचा धबधबा आहे, आणि १९९४ साली घोषित झालेले नायगावचे मयूर अभयारण्य आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला यातले फारसे ठाऊक नाही. त्याला बीड म्हणजे दुष्काळ आणि ऊसतोड एवढेच वर्तमानपत्रातून कळते. बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरकडून रेल्वे आली, तेव्हा येणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पण आलेल्या माणसाने सायकल चालवायची कोठे? धुळे-सोलापूर महामार्गावर मालमोटारींच्या रांगेत कोणी शहाणा माणूस सायकल घालणार नाही. मांजरसुंब्याच्या घाटात तर नाहीच नाही.

त्याला हवी असलेली वाट आपल्या गावाच्या नकाशात आहे. नकाशातील दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट, सव्वाआठ फूट. नकाशातील ही रुंदी आज आपल्या शिवारात किती ठिकाणी शिल्लक आहे, हे मी सांगण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंनी दरवर्षी एकेक तास आत सरकला, बांधावर वेडी बाभूळ माजली आणि बैलगाडीची वाट शेळीची वाट झाली. परिणाम काय झाला? ट्रॅक्टर शेतापर्यंत जात नाही. तोडलेला ऊस डोक्यावर रस्त्यापर्यंत आणावा लागतो. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून न्यावे लागते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या. आपल्या घरी अशी सायकल असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ती कोठे असते, हे आठवून पाहा. भिंतीला टेकलेली असते, आणि मुलगी चपला हातात घेऊन चिखलातून शाळेला जाते.

म्हणून पाणंद मोकळी करण्याचे पहिले कारण ती मुलगी आहे, दुसरे उसाची गाडी आहे. शहरातील पाहुणा तिसऱ्या क्रमांकावर येतो. पण तिसरा आला तर त्याला नको म्हणू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. पूर्वापार चालू असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, परंतु तो अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पुष्कळ शेतकरी "बघू, पुढच्या हंगामात बोलू" म्हणून ही मुदत घालवतात. मुळात वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. मे २०२५ मधील शासन निर्णयानुसार शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घ्यावी, असे ठरले आहे. रस्त्याच्या कामासाठी २०२१ मध्ये रोजगार हमीच्या सांगडीने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना निघाली. सध्या कोणत्या योजनेतून पैसे मिळतील, हे आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारावे. मात्र माझा सल्ला विचाराल तर तहसील ही शेवटची पायरी समजा. दोन भावांचा किंवा दोन शेजाऱ्यांचा पाणंदीचा दावा एकदा कचेरीत गेला की निकाल लागतो, पण बोलणे तुटते. आधी मोजणी करून घ्या, गावातील चार वडीलधारी माणसे बांधावर बसवा, आणि ज्याचे जास्त जाते त्याच्या विहिरीकडची वाट आधी करून द्या.

रस्ता करताना आपली काळी माती विसरू नका. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर एका पावसाळ्यात तो खाली जातो आणि माती वर येते. वरची फूटभर माती काढून बांधावर किंवा शेतात टाका. तळाला डबर घाला, त्यावर मुरमाचा थर पाणी मारून दाबून घ्या. रस्ता मधोमध तीन-चार इंच उंच ठेवा, म्हणजे पाणी दोन्ही कडांना उतरेल. कडेने चर काढा आणि ओढ्याच्या ठिकाणी सिमेंटची नळी टाका. चर न काढता केलेला रस्ता म्हणजे पैसे ओढ्यात टाकणे होय. मी एकदा सप्टेंबरमध्ये केज तालुक्यातील एका अशा रस्त्यावर सायकल घातली. दोनशे पावलांत मडगार्ड चिखलाने इतके गच्च झाले की चाक फिरेना. पुढचे दोन किलोमीटर सायकल माझ्यावर बसून आली असे म्हटले तरी चालेल.

दुसरा शत्रू काट्यांचा. वेडी बाभूळ, हिवर, बोर यांच्या फांद्या तोडून वाटेवरच पडू देऊ नका. सराट्याचे वेल फुलावर येताच, गोखरू वाळून गळण्यापूर्वी, उपटा. सायकलची ट्यूब सराट्याने जितकी फुटते तितकी खड्ड्याने फुटत नाही. बाभूळ नुसती वरून तोडली तर दुप्पट फुटते, ती मुळापासूनच काढावी.

कालव्याच्या काठचा विचार वेगळा आहे. नाथसागरातून निघणारा पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर लांब असून तो गेवराई तालुक्यातून येऊन माजलगावच्या जलाशयाला मिळतो. कालव्याचे पाणी आपल्या उताराने वाहते, आणि हा उतार हजारो फुटांत एखादा फूट इतका थोडा असतो. त्यामुळे काठचा देखरेखीचा रस्ता जवळजवळ सपाट असतो. लहान मूल किंवा साठीचा माणूसही दम न लागता तेथे सायकल चालवील. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मोसंबी, वर बगळे. परंतु हा रस्ता जलसंपदा विभागाचा आहे. त्यांच्या परवानगीशिवाय पाहुण्यांना तेथे नेऊ नये. अस्तर केलेल्या कालव्याच्या कडा शेवाळाने निसरड्या असतात, आणि आवर्तन चालू असताना पाण्यात पडलेला पोहणारा माणूसही सहज वर येत नाही. पाहुण्यांना ही गोष्ट आधी सांगा, मग मोसंबी दाखवा.

मांजरा धरणाच्या पाणलोटाचा काठ आणखी निराळा. पाणी जसे उतरते तशी गाळपेऱ्याची पिके खाली सरकतात आणि वाटही सरकते. नोव्हेंबरात जी वाट होती ती जानेवारीत राहत नाही. येथे स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जमत नाही, आणि तो माणूस आपल्यापैकीच असणार.

डोंगराच्या पायथ्याचा मार्ग घ्यायचा तर बीड, खजाना विहीर, पालीचा तलाव आणि कपिलधार असा विचार करता येईल. खजाना विहीर सोळाव्या शतकातील आहे. तिचे पाणी भुयारी पाटाने शेतीला जात असे, हे शेतकऱ्याने तर पाहावेच. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा आहे. मात्र कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत तेथे सायकलींना जागा नसते. ही ठिकाणे आज महामार्गाने जोडलेली आहेत. मधल्या गावांनी आपापल्या पाणंदी उघडून एकमेकींना जोडल्या तर महामार्ग टाळता येईल. एका गावाने केले आणि पुढच्याने केले नाही, तर सायकलवाला शिवेवर येऊन उभा राहील.

आता पैशाविषयी. एक सांगतो, यातून कोयता सुटेल असे मी म्हणणार नाही. दसरा-दिवाळीला जे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जाते, त्याची उचल काही चहा विकून फिटत नाही. पण सायकलींचा हंगाम आणि कोयत्याचा हंगाम एकच आहे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्या काळात गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले असतात. दोन भाकरी, पिठले, ठेचा आणि ताक करून देणे त्यांना जमण्यासारखे आहे.

सायकलवाल्याला काय विकावे, हेही समजून घ्या. त्याला ओझे नको असते, म्हणून पेटीभर माल तो नेणार नाही. त्याला बसल्या जागी खायला हवे. आपले सीताफळ याला अगदी योग्य. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईच्या विद्यापीठ केंद्राने धारूर-६ हा वाण दिला. झाडावरून काढलेले फळ दोन-चार दिवसांत पिकते आणि गाडीच्या हादऱ्याने फुटते, म्हणून व्यापारी भाव पाडतो. झाडाखाली बसून खाणाऱ्याला पिकलेलेच फळ हवे असते. तेथे फुटलेले फळ हा तोटा राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत हुरडा. त्यासाठी गूळभेंडी किंवा परभणी वसंत यांसारख्या वाणाचे चार-सहा तास वाटेच्या कडेला पेरावेत, सगळे रान त्यात घालू नये.

मुक्काम द्यायचा असेल तर राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतो. मोठे बांधकाम करण्यासाठी कर्ज काढू नका. स्वच्छ खोली, पिण्याचे झाकलेले पाणी आणि कडी लागणारे स्वच्छ शौचालय एवढे पुरते. यातील शौचालय सर्वांत महत्त्वाचे. ते नसेल तर बायका-मुली येणार नाहीत, आणि बायका-मुली येत नाहीत त्या गावाला दुसऱ्या वर्षी पुरुष पाहुणेही कमी होतात. पाणंदीवर टोल मात्र बसवू नका. वाट सार्वजनिक आहे, तिच्यावर पैसे घेण्याचा हक्क कोणालाच नाही.

काही धोके आपल्याकडून होतात. कपाशीवर फवारणी चालू असेल तर वाटेच्या दोन्ही तोंडांना लाल कापड बांधा आणि त्या दिवशी कोणाला सोडू नका. डुकरांसाठी लावलेल्या झटका तारा वाटेवरून आडव्या नेऊ नका. कठडा नसलेल्या विहिरी वाटेच्या कडेला आहेत, त्यांना आधी कठडा करा. शाळेच्या मुलीही त्याच वाटेने जातात. धनगरांच्या कळपाची कुत्री सायकल दिसली की धावतात. अशा वेळी पळू नये, खाली उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी. आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला की सायकलवाल्यानेच कडेला थांबायचे, हे त्याला गावाच्या पाटीवरच लिहून ठेवा.

ज्यांनी आपल्या गावाच्या नकाशाची प्रत आणली आहे, त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या डाव्या अंगाच्या टेबलाजवळ यावे. दुहेरी तुटक रेषा आपण लाल पेन्सिलीने भरून पाहू, आणि कोणती रेषा पुढच्या गावाच्या शिवेला मिळते व कोणती मध्येच तुटते ते शोधू. ज्यांच्याकडे प्रत नाही त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून ती मागवून घ्यावी. शेजारच्या गावची मंडळीही येथे आली आहेत, त्यांना बरोबर घेऊनच टेबलाशी या.