सुगंधी चहा

चहास सुगंध देण्याच्या तऱ्हांत चीनमधील फूचौची तऱ्हा फार नाजूक. दुपारीं खुडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या रात्रीं उमलूं लागल्या, कीं हिरव्या चहाच्या पानांत मिसळतात. पानें रात्रभर गंध पितात. सकाळीं कोमेजलेलीं फुलें चाळून काढतात. उत्तम चहास अशीं कित्येक पुटें देतात. त्यांत दूध ओतणें हा मोगऱ्याचा अपमानच होय!

महाराष्ट्रांतील गवती चहा नांवापुरताच चहा. त्यांत चहाचें पान नाहीं, म्हणून झोंप उडविणारें कॅफीनही नाहीं. त्याचा लिंबासारखा गंध सिट्रल नामक उडून जाणाऱ्या द्रव्याचा. पुष्कळ घरीं तो खळखळां उकळतात. गंध स्वयंपाकघरांत दरवळतो, पेल्यांत मात्र बेताचाच उरतो. पाणी चुलीवरून उतरवावें, मग पात चुरून टाकावी, झांकण ठेवावें आणि पहिला घोट साखरेवांचून घ्यावा.