हे कोणाला सांगतोस?
(रेडिओवरील भाषण)



निबंधाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. ‘बाई, यात अलंकार कुठं घालायचा?’ हा प्रश्न मुलांना आपणच शिकवलेला आहे. व्याकरणाच्या तासाला उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, दृष्टान्त यांच्या व्याख्या आपण पाठ करून घेतो. निबंधाच्या तासाला सांगतो की आरंभी सुविचार, मध्ये एखादी म्हण आणि शेवटी कवितेच्या दोन ओळी आल्या की निबंध सजतो. मग ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर वर्गातल्या साऱ्या वह्यांत एकच मोर नाचतो. पाथर्डी-जामखेडकडच्या ज्या मुलानं जून महिन्यात टँकरपुढं हंडा धरलेला असतो, त्याच्याही वहीत नदी दुथडी भरून वाहते.

मला आज एवढंच मांडायचं आहे की लेखनातली प्रत्येक युक्ती समोरच्या माणसासाठी जन्माला येते. तो माणूस ठरला की युक्ती आपोआप सुचते. तो ठरलेला नसेल, तर साऱ्या व्याख्या तोंडपाठ असूनही हात अडतो. हे दाखवण्यासाठी मी एका शाळकरी मुलीचाच निबंध घेते. तिचं नाव मुक्ता साळवे.

मुक्ता पुण्याची, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. वय सुमारे १४, शाळेत जाऊन झालेली वर्षं तीन. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या अंकांत. शाळा पुण्याची असली, तरी या गोष्टीचे धागे आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात येऊन मिळतात. ‘ज्ञानोदय’ सुरू झाला तोच नगरला, १८४२ साली, अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनं. नगरमध्ये सिंथिया फरार या मिशनरी बाई मुलींची शाळा चालवत. ती शाळा जोतीरावांनी पाहिली होती आणि तिचा आपल्या मनावर परिणाम झाल्याचं त्यांनी पुढे सांगितलं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फरारबाईंकडेच घेतले, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना आपण विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’वर येऊन थांबतो. ती सुरू झाली १८७४ साली. त्याच्या १९ वर्षं आधी ही मुलगी निबंध लिहून मोकळी झाली होती.

आता निबंध कसा लिहिला आहे ते पाहू.

ती आरंभ करते नम्रतेनं. आपण दीनदुबळी, आणि हा विषय आपल्या मनात ईश्वरानं घातला, असं ती म्हणते. ग्रंथाच्या आरंभी कवीनं स्वतःकडे लहानपण घ्यावं, ही आपली जुनी रीत आहे. पण इथं ती रीत वेगळंच काम करते. ज्या मुलीला समाजानं खरोखरच दीन केलं आहे, तिनं स्वतःला दीन म्हटलं की तो नुसता विनय राहत नाही. निबंधाचा विषयच पहिल्या वाक्यात येऊन उभा राहतो. शिवाय विषय ईश्वरानं दिला म्हटल्यावर ‘तू कोण बोलणारी?’ असं विचारायची सोय विरोधकाला उरत नाही.

मग ती वादाला हात घालते. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असं ब्राह्मण म्हणतात. मुक्ता हे नाकारत नाही. ती ते मान्य करून पुढं जाते. वेद ब्राह्मणांचे असतील, तर वेदांप्रमाणे वागणं हा ब्राह्मणांचा धर्म झाला. आम्हाला धर्माचं पुस्तक पाहण्याचीही मोकळीक नाही, म्हणजे आम्ही धर्मावाचून आहोत हे उघड झालं. आणि मग ती थेट देवालाच विचारते, तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता, तो आम्हाला कळव. प्रतिपक्षाचं म्हणणं घटकाभर खरं मानून त्यातूनच आपला मुद्दा काढायचा, याला न्यायशास्त्रात अभ्युपगम म्हणतात. मुक्तानं ही युक्ती ज्या जागी वापरली, ती जागा बघा. विरोधकाचा आधार काढून घ्यायला जोर लागतो, आणि तो आधार त्याच्याच हातात ठेवून वाद जिंकायला डोकं लागतं.

पुढं एक लंगडं गाढव येतं. तुम्ही कुणाच्या लंगड्या गाढवाला मारून तर बघा, ती म्हणते, त्याचा धनी तुमची फजिती केल्यावाचून राहील का? पण आम्हाला मारू नका म्हणणारा कोण होता? गाढव तेही लंगडं, म्हणजे मालकाला फारसं उपयोगाचं नसलेलं. त्यालाही वाली आहे. मग माणसाला किती असायला हवा, हे वाक्य मुक्ता लिहीतच नाही. ते वाचणाऱ्याच्या मनात उमटतं. शास्त्रकार याला कैमुतिकन्याय म्हणतील. दहावीच्या मुलाला हे नाव ठाऊक नसलं तरी चालेल. ‘लंगडं’ हा एक शब्द काढला तर मुद्द्याचं किती बळ जातं, हे मात्र त्याला कळायला हवं.

ती पुराव्यालाही कमी पडत नाही. पेशवाईतल्या छळाबद्दल बोलताना ‘फार अन्याय झाला’ एवढ्यावर ती थांबत नाही. ती तालीमखान्याचं नाव घेते, गुलटेकडीच्या मैदानाचं नाव घेते. पुण्याच्या वाचकाच्या रोजच्या पायाखालची ही ठिकाणं. तिथं माणसांच्या जिवाचा कसा खेळ केला जाई, ते ती चेंडू-दांडूच्या भाषेत सांगते. आणि दुसऱ्या एका जागी ती कसलीही भाषा वापरत नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-वाऱ्या-पावसात त्यांचे हाल होतात, एवढंच ती साधेपणानं मांडते, आणि वाचणाऱ्याला सांगते की आपल्या स्वतःच्या अनुभवावरून विचार करून पाहा. अलंकारशास्त्रात स्वभावोक्ती नावाचा अलंकार आहे. जे आहे ते जसंच्या तसं सांगण्याचा. परीक्षेत त्याची चार रेघांत बोळवण होते. पण दुःख मोठं असेल तेव्हा तोच कामाला येतो.

शेवटाकडे ती तोंड वळवते. आतापर्यंत देवाशी आणि वरच्या जातींशी बोलणारी मुलगी आता आपल्याच माणसांकडे पाहून बोलते. तुम्ही रोगी आहात, ज्ञानाचं औषध घ्या, असं सांगते. एका छोट्या निबंधात तीन श्रोते, आणि प्रत्येकाशी बोलण्याची तिची तऱ्हा वेगळी. देवाला प्रश्न, प्रतिपक्षाला तर्क, आपल्या माणसांना आर्जव. अलंकार कुठं घालायचा, या प्रश्नाचं उत्तर तिच्या निबंधात असं मिळतं.

हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. नेवाशाला प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्यात एकामागून एक येणारे दृष्टान्त आपण कौतुकानं मोजतो. ते इतके का आहेत, हे मात्र विचारत नाही. ज्ञानेश्वरांच्या समोर माणसं बसलेली आहेत. एखाद्या उदाहरणानं कुणाला उमजलं नसेल, म्हणून ते दुसरं देतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे लक्ष देण्याची मागणी करतात, त्या बदल्यात सुखाची हमीही देतात, आणि लगेच सांगतात की ही प्रौढी नव्हे, तुम्हा जाणत्यांच्या सभेत केलेली सलगीची विनवणी आहे. वक्तृत्वाचा सगळा वर्ग त्या काही ओव्यांत भरतो.

त्याच शतकात महानुभावांनी तर निबंधाचा साचाच तयार करून ठेवला. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त आहेत, आणि प्रत्येकाला तीन अंगं आहेत. आधी सूत्र, म्हणजे सांगायचं ते एका वाक्यात. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचा सूत्राशी जोडलेला सांधा. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट आपल्याकडे मराठीत इतक्या जुन्या काळी आली ती याच ग्रंथात. आपली मुलं सूत्र लिहितात, गोष्टही लिहितात. तिसरं अंग राहून जातं, आणि निबंधात शिवाजी महाराज, एडिसन आणि ससा-कासव एकमेकांना न ओळखता शेजारी बसतात.

आणि नगर जिल्ह्यातल्या सराळे गावचा म्हाइंभट. ‘लीळाचरित्रा’साठी तो चक्रधरांना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन आठवणी विचारत राहिला. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर कोणाच्या मते काय घडलं याची त्यानं नोंद ठेवली. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथातच ही शिस्त आहे. निबंध लिहिण्याआधी चार माणसांना विचारून यावं, हे म्हणूनच अभ्यासक्रमाबाहेरचं काम नाही.

शिक्षक मित्रांनो, यातून तासाला काय करता येईल? एक साधा प्रयोग सुचवते. विषय घ्या, ‘गावची एसटी बंद झाली’. तोच मजकूर मुलांना तीन जणांसाठी लिहायला सांगा. पहिला आगारप्रमुखासाठी, दुसरा गाव सोडून पुण्याला राहायला गेलेल्या काकासाठी, तिसरा शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मैत्रिणीसाठी. आगारप्रमुखाला वेळा, अंतर आणि किती मुलांची शाळा बुडते हे सांगावं लागेल. तिथं उपमा चालणार नाही. काकाला त्याच गाडीतून तो कॉलेजला जायचा त्याची आठवण द्यावी लागेल. मैत्रिणीला तर्क देऊन भागणार नाही, ‘आपण दोघी सायकलनं जाऊ’ असं काही तरी म्हणावं लागेल. तीन मजकूर फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मगच विचारा, कुठं प्रश्न आला, कुठं दृष्टान्त आला, कुठं साधं वर्णन पुरलं. अलंकाराचं नाव सर्वांत शेवटी सांगा. वस्तू हाती आली की नाव लक्षात राहतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. परीक्षेत निबंध तपासणारा अनोळखी असतो, त्याला मुद्दे हवेत, वेळ थोडा असतो, मग साचा दिला तर काय बिघडलं? मला साच्याचं वावडं नाही. केसोबासांचा साचाच होता. पण त्यांच्या साच्यात सूत्र दृष्टान्ताला विचारतं, तू इथं का आलास? आपल्या साच्यात सुविचाराला तो प्रश्न कोणी विचारत नाही. आणि तपासणारा अनोळखी असला तरी माणूसच असतो. वह्यांच्या गठ्ठ्यात शंभर मोर पाहिल्यावर त्याला टँकरपुढचा हंडा दिसला, तर तो थांबून वाचेल.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या खेपेला मुलांचा निबंध पाहाल, तेव्हा समासात ‘छान’ किंवा ‘अक्षर सुधारा’ एवढंच लिहून पुढं जाऊ नका. जिथं वाक्य पोकळ वाटेल तिथं लिहा, ‘हे कोणाला सांगतोस?’ मुलाला उत्तर सापडलं, तर ते वाक्य तो स्वतःच खोडेल आणि नवं लिहील. गुण त्या नव्या वाक्याला द्या.