दुकान आपलं, पाटी त्यांची

मागच्या भागानंतर एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. कर्ज काढून चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी घेतली. फी, गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, सगळं भरलं. दीड वर्षानं ईमेल आला: ३० दिवसांत पाटी उतरवा. कारण काहीच नाही. त्याचा प्रश्न एकच, "सर, कोर्टातून दुकान परत चालू होईल का?"

मी वकील आहे, खोटी आशा दाखवत नाही. अवघड आहे.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. भाडेकरूला आहे, कामगाराला आहे, यांना नाही. सगळा भार १८७२ च्या करार कायद्यावर.

इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांचा १९९० चा खटला बघा. कंपनीनं गॅस एजन्सी काढून घेतली. लवाद म्हणाला, चुकीचं केलंत, एजन्सी परत द्या. सुप्रीम कोर्टानं मात्र परत देण्याचा हुकूम रद्द केला. कारण करारात एक ओळ होती: कुणीही ३० दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकतो. असा करार पुढे चालू ठेवायला कोर्ट भाग पाडत नाही. मग एजन्सीवाल्याला मिळालं काय? नोटिशीच्या त्या ३० दिवसांच्या कमाईएवढी भरपाई. बस्स. तो करार डिस्ट्रिब्युटरचा होता, पण फ्रँचायझीच्या भांडणात कंपनीचे वकील हाच निकाल पुढे करतात.

म्हणून सही करायच्या आधी 'टर्मिनेशन' हे कलम शोधा. 'विनाकारण, नोटीस देऊन' असं असेल तर तिथंच थांबा आणि बोला. कारणं लिहून घ्या. चूक झालीच तर सुधारायला किती दिवस, तेही लिहून घ्या. मुदतीआधी काढलं तर उरलेल्या वर्षांची फी परत आणि पडून राहिलेला माल कंपनीनं उचलायचा, हेही त्यातच हवं. सेल्सवाला "सर, फॉरमॅट फिक्स असतो" म्हणेल. म्हणू दे. फिक्स फॉरमॅटमध्ये तुमचं कर्ज नसतं.

बरं, सही होऊन गेली असेल तर? सगळं संपलं असं नाही. करारात लवादाचं कलम असेल तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ९ खाली कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. कारणाशिवाय काढता येणार नाही असा करार असेल तर तिथं भांडायला जागा असते. कंपनीनं दंडाचा मोठा आकडा लिहिला असेल तरी घाबरू नका, कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. आणि 'करार संपल्यावर दोन वर्षं चहाच विकायचा नाही' अशी अट सहसा टिकत नाही, कलम २७ आड येतं. करार चालू असताना मात्र ती पाळावी लागते. त्यांचं नाव, पाटी, कपावरचा लोगो तर नंतरही वापरायचा नाही.

त्या मुलाला मी पहिलं सांगितलं, फोन फॉरमॅट करू नकोस. एरिया मॅनेजरचे "तुझं दुकान एक नंबर चाललंय" असे मेसेज त्यात होते. ते प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येतात. पाटी उतरलीय. त्याच गाळ्यात, स्वतःच्या नावानं, त्यानं चहा परत सुरू केलाय. उरलेल्या फीसाठीची नोटीस परवा पाठवली.